परवान्याची बंदूक आणि घरातील पोलादी कपाट

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे एकाआड एक कोट, कातळात खोदलेला खंदक, त्यापलीकडे काळोखातून वर चढत जाणारी अंधारी. हा किल्ला पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या मनात एक गोष्ट ठसल्यावाचून राहत नाही. कोणताही एकच अडथळा शत्रूला कायमचा थोपवील, असा भरवसा किल्ला बांधणाऱ्यांनी धरला नव्हता. प्रत्येक अडथळ्याने थोडा वेळ मिळावा आणि त्या वेळात आतील माणसांनी सावध व्हावे, हीच त्या रचनेमागील दृष्टी होती.

मराठी राज्यकारभाराच्या परंपरेत शस्त्रांच्या साठ्याविषयीही असाच काटेकोर विचार झालेला आढळतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्य यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखान्याची जागा कशी असावी, याचे मार्गदर्शन आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, तेथे सतत पहारा असावा आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, वाळवून पुन्हा नीट बंद करून ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. वस्तीपासून अंतर, पहारा आणि ओलीपासून बचाव ही ती तीन तत्त्वे होत. तीनशे वर्षांनंतर एखाद्या सदनिकेत किंवा शेतवस्तीवर परवान्याची एकच बंदूक बाळगणाऱ्या नागरिकालाही हीच तत्त्वे लागू पडतात. त्याच्या घरात दारूखाना नसतो. म्हणून त्या दारूखान्याचे काम एका लहानशा पोलादी कपाटाला करावे लागते. हे कपाट कसे निवडावे, त्यावर किती खर्च करावा आणि त्याचा वापर कसा करावा, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

कपाट कोणासाठी?

मराठवाड्यात परवान्याचे शस्त्र बाळगणारे सगळेच सधन असतात, असे नाही. सैन्यातून निवृत्त होऊन बँकेत अथवा कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी करणारा जवान स्वतःच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक बाळगतो. चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आसपास दोन खोल्यांच्या घरात त्याचे बिऱ्हाड असते. पाळी संपली की बंदूक त्याच्याबरोबर घरी येते. त्याच दोन खोल्यांत मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची ये-जा आणि स्वयंपाक हे सर्व चालते. दुसरीकडे, रानडुकरांच्या उपद्रवाने गांजलेल्या शेतकऱ्याकडे वडिलोपार्जित ठासणीची बंदूक असते. व्यापारी किंवा डॉक्टर यांच्याकडे स्वसंरक्षणासाठी एखादे रिव्हॉल्व्हर असते. या सर्वांचा प्रश्न एकच आहे. ज्या घराच्या संरक्षणासाठी शस्त्र घेतले, त्याच घराला त्याच्यापासून धोका पोहोचू नये, यासाठी काय करावे?

हा धोका काल्पनिक नाही. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, पैठण तालुक्यातील एका खेड्यात, ठासणीची एक जुनी बंदूक माजघरातील खुंटीवर टांगलेली असे. ती रिकामी आहे, असे घरातील प्रत्येक जण समजून चालला होता. हंगामात राखणीसाठी ती भरली गेली होती आणि पुढे ती गोष्ट विस्मरणात गेली. दिवाळीच्या सुट्टीत एका मामेभावाने धान्याच्या पोत्यावर चढून बंदूक काढली, घोडा मागे ओढला आणि चाप दाबला. छर्रे वरच्या तुळईत रुतले. तिच्याच खाली, चार हातांवर, पाळण्यात तान्हे मूल झोपले होते. त्या दिवसापासून आजोबांनी बंदूक पेटीत घातली. पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला आली आणि ती अखेरपर्यंत तेथेच राहिली. पुढे वाडा उतरविला, तेव्हाही तुळईतील छर्रे जागच्या जागी होते. ‘रिकामी आहे’ हा शब्द सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, हे आम्हा मुलांना त्या तुळईने शिकविले.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात मुले व किशोरवयीन यांच्याकडून घरातील शस्त्राने घडलेल्या दुर्घटनांची आणि आत्महत्येच्या प्रयत्नांची छाननी करण्यात आली होती. शस्त्र कुलपात ठेवणे, ते रिकामे ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि काडतुसे शस्त्रापासून वेगळी ठेवणे या चार सवयींपैकी प्रत्येक सवयीचा अशा घटनांचा धोका कमी असण्याशी संबंध असल्याचे त्यात आढळून आले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा परीक्षेतील निराशेचा एक तास किंवा घरातील भांडणाचा एक क्षण शस्त्राविना टळला, तर पुढे आयुष्य सावरण्याला वाव राहतो. कुलूप हा वाव देते. कपाटाचे पहिले काम चोराला अडविण्याचे आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः त्याचे पहिले काम घरातील माणसांना जपण्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांन्वये होते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना देणारे प्राधिकारी असतात. २०१९ च्या सुधारणेनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत. परवान्याची मुदतही तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली आहे. शस्त्राचा सुरक्षित वापर करीन आणि ते सुरक्षितपणे ठेवीन, अशी हमी अर्जदाराने द्यावयाची असते. म्हणजेच कपाटाचा विचार शस्त्र खरेदीनंतर सवडीने करण्याचा नाही. तो अर्ज करतानाच व्हावयास हवा.

परवाना व्यक्तीच्या नावे असतो, कुटुंबाच्या नावे नसतो, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. भावाने ‘जरा शेतावर नेतो’ म्हणून बंदूक उचलणे किंवा मुलाने मित्रांना दाखविण्यासाठी रिव्हॉल्व्हर बाहेर काढणे, हे कौटुंबिक व्यवहार नसून कायद्याचा भंग आहेत. परवान्याच्या अटींचा भंग हा शिक्षापात्र अपराध असून त्यामुळे परवाना निलंबित अथवा रद्दही होऊ शकतो. शस्त्र हरवले किंवा चोरीस गेले, तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी देणे बंधनकारक आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस तर २०१९ च्या सुधारणेने स्पष्टपणे दंडनीय ठरविली आहे. पिकांच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना असला, तरी तेवढ्याने वन्य प्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये स्वतंत्र परवानगी लागते.

परदेशांतील नियमही या दृष्टीने उद्बोधक आहेत. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे घडलेल्या हत्याकांडानंतर शस्त्रांविषयी जो राष्ट्रीय करार झाला, त्यात शस्त्रे मजबूत कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. साध्या बंदुकांसाठी वापरावयाच्या रिकाम्या पेटीचे वजन १५० किलोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ती भिंतीला किंवा जमिनीला जखडलेली असावी, असेही त्यात नमूद आहे. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटांसाठी स्वतंत्र मानक असून साधारणतः दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा तेथे किमान समजला जातो. जखडलेली पेटी आणि दोन मिलिमीटरचा पत्रा या दोन गोष्टी आपल्याकडील खरेदीदारानेही ध्यानात ठेवाव्यात.

पत्रा आणि वजन

घराघरांत दिसणाऱ्या पोलादी कपाटाचा पत्रा बहुधा वीस ते बावीस गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. गेजचा आकडा जसजसा वाढतो, तसतसा पत्रा पातळ होत जातो. अठरा गेजचा पत्रा सुमारे सव्वा मिलिमीटर, सोळा गेजचा सुमारे १.६ मिलिमीटर आणि चौदा गेजचा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा असतो. पातळ पत्र्याचे दार पहारीच्या टोकाने पाहता पाहता वाकते. दोन मिलिमीटरचे दार, त्याच्या कडा आत वळविलेल्या असतील तर, पुष्कळ काळ तग धरते आणि ते फोडताना होणारा आवाज शेजाऱ्यांना जागे करतो.

एका हिशेबाने ही बाब अधिक स्पष्ट होईल. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन सुमारे पावणेआठ किलोग्रॅम असते. बंदूक उभी ठेवण्यासाठी १३० सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल असे कपाट केले, तर त्याला सुमारे १.६ चौरस मीटर पत्रा लागतो. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात त्याचे वजन सुमारे २५ किलोग्रॅम भरते. तीन मिलिमीटरचा पत्रा घेतला, तरी ते ३७-३८ किलोग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहूनही ते हलके असते. न जखडलेले असे कपाट चोरटे खांद्यावर टाकून नेतील आणि शेतात सवडीने फोडतील. स्वस्त कपाटाची खरी ताकद पत्र्यात जितकी असते, तितकीच ते भिंतीला ज्या बोल्टांनी जखडले आहे, त्या बोल्टांत असते.

यासाठी कपाटाच्या पाठीला आतून किमान चार भोके असावीत. त्यांतून दहा किंवा बारा मिलिमीटर व्यासाचे अँकर बोल्ट भिंतीत घट्ट बसवावेत. बोल्टांची टोके कपाटाच्या आत राहिली पाहिजेत. ती बाहेर राहिली, तर पान्याने सहज सुटतात. काँक्रीटचा खांब किंवा पक्क्या विटांची नऊ इंची भिंत यासाठी उत्तम होय. सदनिकांतील चार इंची आडभिंती आणि पोकळ ठोकळ्यांच्या भिंती त्या मानाने दुबळ्या असतात. खेड्यातील माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंती असतात. त्यांत बोल्ट धरून राहत नाही. अशा ठिकाणी भिंतीच्या आरपार लांब बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावावी, किंवा जमिनीत काँक्रीटचा चौथरा करून कपाट त्यावर जखडावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची संमती आधीच घेतलेली बरी.

कुलूप कोणते?

बाजारात सध्या तीन प्रकारची कुलपे प्रामुख्याने मिळतात : किल्लीची, आकडे दाबून उघडणारी आणि बोटाच्या ठशाने उघडणारी. किल्लीचे अनेक लिव्हरचे कुलूप स्वस्त आणि टिकाऊ असते, विजेवर किंवा सेलवर अवलंबून नसते. त्याचा दोष एकच, तो म्हणजे किल्ली. किल्ली देवघरात, गव्हाच्या डब्यात किंवा दाराच्या चौकटीवर ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. घरातील दहा वर्षांच्या मुलाला या सर्व जागा ठाऊक असतात आणि चोरालाही त्या ठाऊक असतात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. दुसरी किल्ली घरात न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. मात्र बँकेच्या लॉकरमध्ये शस्त्र किंवा काडतुसे ठेवू नयेत, त्याला मनाई असते.

आकड्यांच्या कुलपात किल्ली सांभाळण्याची कटकट नसते आणि ते काही सेकंदांत उघडते. मात्र कारखान्यातून आलेला मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक, दूरध्वनीचे अखेरचे आकडे हे टाळावेत. वर्षातून एकदा सेल बदलावेत. अशा कुलपाबरोबर येणारी आपत्कालीन किल्ली त्याच पेटीत ठेवण्याची चूक अनेकांकडून होते आणि सेल संपल्यावर ती लक्षात येते.

बोटाच्या ठशाचे कुलूप आकर्षक वाटते. परंतु शेतात किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नसल्याने खोळंबलेली वयस्क माणसे आपण पाहिलेली आहेत. तीच अडचण येथेही येऊ शकते. ज्यांचे काम हातांचे आहे, त्यांनी किल्लीचे किंवा आकड्यांचे कुलूप पसंत करावे.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. मध्यरात्री दरोडेखोर आले, तर कुलपातील बंदुकीचा उपयोग काय? उत्तर असे की, घरफोडी बहुधा घर बंद असतानाच होते. त्या वेळी उघड्यावरची बंदूक घराचे रक्षण करीत नाही, ती चोराच्या हाती जाऊन पुढील गुन्ह्याचे साधन बनते. घरात माणसे असतानाचा विचार केला, तर अंधारात, अर्धवट झोपेत, कोण आले आहे याची शहानिशा न करता उचललेले भरलेले शस्त्र आपल्याच माणसाच्या जिवावर बेतू शकते. दाराला मजबूत अडसर, अंगणात दिवा, शेजाऱ्यांशी संपर्क आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना दूरध्वनी, ही घराच्या संरक्षणाची पहिली फळी आहे. बंदूक ही शेवटची होय. पहिल्या फळीने मिळवून दिलेल्या वेळात कुलूप उघडता येते. देवगिरीच्या कोटांमागील विचार तो हाच.

काडतुसांची वेगळी सोय

शस्त्र आणि काडतुसे एकाच कप्प्यात ठेवणे म्हणजे कुलपाचे निम्मे काम वाया घालविणे होय. कपाटात वरच्या बाजूला स्वतंत्र किल्लीचा लहान कप्पा करून घ्यावा, किंवा काडतुसांसाठी घरात दुसरीकडे छोटी पोलादी पेटी जखडावी. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक काडतुसे बाळगू नयेत. खरेदी, वापर आणि शिल्लक यांची नोंद एका लहान वहीत ठेवावी. नूतनीकरणाच्या वेळी आणि तपासणीच्या वेळी ती उपयोगी पडते.

आगीच्या दृष्टीनेही ही विभागणी महत्त्वाची आहे. सुटे काडतूस आगीत सापडले, तर ते फुटते, पण नळीत नसल्यामुळे गोळीला पूर्ण वेग मिळत नाही. भरलेले शस्त्र आगीत सापडले, तर त्यातून पूर्ण जोराने बार उडू शकतो आणि आग विझविण्यासाठी आलेल्या माणसाचा बळी जाऊ शकतो. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू तर ठिणगीनेही पेटते. ती अत्यल्प प्रमाणात ठेवावी. चूल, गॅसची टाकी आणि देवघरातील समई यांपासून ती दूर असावी.

आकार आणि जागा

रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल यांना लहान पेटी पुरते. बारा बोअरच्या बंदुकीची लांबी सुमारे चार फूट असते, त्यामुळे उंच कपाट लागते. तथापि मागून भरावयाची दुनळी बंदूक सहजपणे खोलता येते. नळ्या आणि दस्ता वेगवेगळे केले, तर सर्वांत लांब भाग अडीच-तीन फुटांचा उरतो आणि कपाटही लहान चालते. खर्चात बचत साधू इच्छिणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा आहे. शिवाय खोलून ठेवलेली बंदूक अजाण हाताला सहजासहजी वापरता येत नाही.

कपाट पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा बैठकीच्या खोलीत नसावे. झोपण्याच्या खोलीतील कोपरा, भिंतीतील कोनाडा किंवा लाकडी कपाटाच्या आतील बाजू ही योग्य ठिकाणे होत. दोन बाजूंना भिंत असली, तर पहार घालण्यास जागा राहत नाही. पत्र्याच्या छताखालची, पश्चिमेकडील उन्हात तापणारी भिंत टाळावी. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात अशा खोलीत काडतुसांचे आयुष्य घटते.

आपल्या भागाची हवा बहुतांशी कोरडी असली, तरी बंदुकीला गंज चढतो. पावसाळा हे त्याचे एक कारण आणि उन्हाळ्यात चालणारा पाण्याचा कूलर हे दुसरे. कूलरच्या झोताच्या वाटेत कपाट ठेवू नये. हात लागून गेल्यावर नळीवर तेलाचा पातळ हात द्यावा. मखमल, लोकर किंवा चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते. म्हणून कपाटात शस्त्र त्यांत गुंडाळून ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून वाळवून अथवा बदलून घ्याव्यात. आज्ञापत्रातील दारू वाळविण्याच्या सूचनेचेच हे आजचे रूप म्हणता येईल.

ऐपतीप्रमाणे निवड

मर्यादित उत्पन्नाच्या माणसाला पुढील पर्याय उपलब्ध आहेत.

पहिला, घरातील कपड्यांच्या कपाटातील लॉकर. हा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कच्चा. हे कपाट दिवसातून दहा वेळा उघडले जाते, त्याची किल्ली घरातील सर्वांच्या हाती असते आणि पत्रा पातळ असतो. तूर्त दुसरी सोय नसेल, तर निदान त्या कपाटाच्या आत एक स्वतंत्र जाड पत्र्याची पेटी बोल्टांनी बसवावी आणि तिची किल्ली वेगळी ठेवावी. शस्त्राच्या चापाला किंवा नळीतून लावावयाचे तारेचे कुलूपही अल्प किमतीत मिळते. ते मुलांच्या हातापासून रक्षण करते, पण शस्त्र उचलून नेणाऱ्याला अडवीत नाही. त्याला कपाटाची जोड समजावे, पर्याय समजू नये.

दुसरा, स्थानिक कारागिराकडून करून घेतलेले कपाट. लोखंडी कपाटे आणि दारे-खिडक्या बनविणारे कुशल कारागीर शहरात आणि तालुक्याच्या गावीही आहेत. सामान्य बंदूकधारकासाठी हाच पर्याय सर्वांत किफायतशीर ठरतो. कारागिराला स्पष्ट तपशील द्यावा : पत्रा दोन मिलिमीटर, दाराचा त्याहून जाड असल्यास उत्तम, बिजागऱ्या आतल्या बाजूस, बिजागरीच्या बाजूलाही चौकटीत घुसणाऱ्या दोन पक्क्या खुंट्या, दाराची कड चौकटीच्या आत बसणारी, वर व खाली अशी दोन कुलपे किंवा एकाच मुठीने तीन ठिकाणी बसणारे अडसर, पाठीला चार भोके आणि आत काडतुसांचा कुलूपबंद कप्पा. लोखंडी कामाचा दर बहुधा किलोवर ठरतो. वर दिलेल्या हिशेबाने वजनाचा अंदाज आधीच काढता येतो. दोन-तीन ठिकाणचे दर मागवावेत आणि माल ताब्यात घेताना कपाट काट्यावर तोलून घ्यावे. वजन कमी भरले, तर पत्रा पातळ वापरला, असे समजावे. रंग पाहून फसावे, पण काट्याला फसविता येत नाही.

तिसरा, दुकानात मिळणारी आकड्यांच्या कुलपाची तयार पेटी. रिव्हॉल्व्हरसाठी ती सोयीची आहे. येथे जाहिरातीतील जाडीचा आकडा दाराचा आहे की बाजूंचाही, हे विचारून घ्यावे. एकाच आकाराच्या दोन पेट्यांतील जड पेटी घ्यावी. पेटी जखडण्याची भोके तिला आहेत की नाहीत, हेही पाहावे.

चौथा, खरी तिजोरी. तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. ५५० हे मानक आहे. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपांचा कारखाना सुरू केला आणि त्यानंतर काही वर्षांतच तेथे तिजोऱ्याही बनू लागल्या. तेव्हापासून हा उद्योग महाराष्ट्रात रुजलेला आहे. जाड पोलादाची तिजोरी उत्तम खरी, पण ती महाग असते आणि शेकडो किलोग्रॅमचे तिचे वजन माळवद किंवा जुना मजला पेलीलच, असे नाही. एका बंदुकीसाठी तिची आवश्यकता नसते. बंद पडलेल्या पेढीची जुनी तिजोरी स्वस्तात मिळाली, तर तिचे कुलूप बदलल्यावाचून ती वापरू नये. तिच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही.

कोणताही पर्याय निवडला, तरी त्या कपाटात दागिने, रोकड किंवा जमिनीचे कागद ठेवण्याचा मोह टाळावा. कपाट जितक्या कारणांसाठी उघडावे लागेल, तितक्या लोकांना त्याची किल्ली माहीत होईल. शस्त्राच्या कपाटात शस्त्रच असावे.

सवयींचे महत्त्व

उत्तम कपाट आणले, पण शिस्त नसली, तर ते शोभेचे ठरते. बाहेरून आल्यावर प्रथम, पाणी पिण्यापूर्वी, शस्त्र रिकामे करावे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, काडतुसे काढून, डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यावी. मग शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात जावीत. रात्रपाळी करून थकून आलेल्या पहारेकऱ्याला हे जड वाटेल. पण थकलेल्या माणसाच्या हातूनच चूक होते, म्हणून ही सवय अंगवळणी पडणे अगत्याचे आहे. घरातील मुलांना शस्त्राविषयी धाक घालण्यापेक्षा समज द्यावी : शस्त्र दिसले तर हात लावावयाचा नाही, तेथून दूर व्हावयाचे आणि मोठ्यांना सांगावयाचे.

वारीला, लग्नकार्याला किंवा लांबच्या प्रवासाला सर्व कुटुंब जाणार असेल, तर शस्त्र रीतसर पोलीस ठाण्यात किंवा तशी परवानगी असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हाही पावती जपून ठेवावी. घरात कोणी तीव्र नैराश्यात असेल, व्यसनाधीन झाले असेल किंवा कलह विकोपाला गेला असेल, तेव्हाही काही दिवसांसाठी शस्त्र घराबाहेर जमा करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. यात कमीपणा मुळीच नाही. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी बंदूक माळ्यावर टाकून न देता परवाना प्राधिकाऱ्यास कळवावे आणि पुढील कार्यवाही करावी.

देवगिरीविषयी आणखी एक कथा सांगितली जाते. १२९६ साली अल्लाउद्दिनाच्या वेढ्यात रामदेवराव यादवांच्या माणसांनी धान्याची म्हणून किल्ल्यावर नेलेली पोती उघडली, तेव्हा त्यांत मीठ निघाले. तट उभा होता, कातळ उभा होता, पण पोती कोणी वेळेवर उघडून पाहिली नव्हती. परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक नागरिकाने आज रात्री झोपण्यापूर्वी आपले कपाट एकदा उघडून पाहावे. बंदूक खरोखरच रिकामी आहे का, काडतुसे मोजून पुरी भरतात का, बोल्ट घट्ट आहेत का आणि किल्ली कोणाकोणाला ठाऊक आहे? या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर कपाटावर झालेला खर्च सार्थकी लागला, असे समजावे.